कार्टरची चित्रे आणि आपली नोंदवही



या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही शरीररचना शिकवणाऱ्या माणसाला दिलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. एकदा पहिले वर्ष सुटले की विद्यार्थी आमच्या विभागाची पायरी सहसा चढत नाहीत. आज मात्र सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञही समोर बसले आहेत, म्हणून अॅनाटॉमीच्या संदर्भग्रंथांविषयीच बोलतो. मोबाइलवर अख्खे शरीर फिरवून पाहता येत असताना हे जाडजूड ग्रंथ घ्यायचे कशाला, असे आता ग्रंथालयाच्या बैठकांतून विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

ग्रे यांची ‘अॅनाटॉमी’ १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांची. पहिल्या आवृत्तीत ३६३. दोघांनी मिळून विच्छेदने केली. कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले, पुढे विक्रीतला वाटा नाही. शीर्षकपानावर त्यांचे नाव ग्रे यांच्या नावापेक्षा लहान टाइपात आहे. पुस्तक बाहेर पडले तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचलेही होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते अॅनाटॉमी शिकवू लागले, मग साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाले. पाय सुजून त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून दाणे बाहेर येतात, त्या ‘मदुरा फूट’चे मूळ बुरशीत आहे हे त्यांनी मांडले. १८७७ साली दुष्काळाबरोबर मुंबईत पसरलेल्या, उलटून उलटून येणाऱ्या तापाचे जंतू त्यांनी रुग्णांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. महारोगावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. जगभरच्या डॉक्टरांना शरीर पाहायला शिकवणाऱ्या या माणसाची तीस वर्षे आपल्या मुलखात गेली, आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव ठाऊक नसते. याची मला फार खंत वाटते.

कार्टर यांनी केले काय? त्या काळच्या पुस्तकांत चित्रातल्या भागांवर बहुधा अक्षरे किंवा आकडे असत. नाव शोधायला तळाशी जावे लागे. कार्टर यांनी नाव त्या भागावरच लिहिले. धमनीचे नाव धमनीच्या वळणाने वळते, स्नायूचे नाव स्नायूच्या धाग्यांबरोबर पसरते. आकार आणि नाव डोक्यात एकदमच शिरतात. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे असताना आठवण जशी लागते, तशीच ती इथे घडते. चित्रकार स्वतः विच्छेदन करणारा होता, म्हणूनच हे साधले.

ग्रे १८६१ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी देवी येऊन गेले. तेव्हापासून हा ग्रंथ इतरांनी सांभाळला, वाढवला आणि दुरुस्त केला. माझ्या मते त्याचे खरे मोल या दुरुस्तीत आहे. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याचेच पाहा. १८८५ साली ट्रीव्ह्ज यांनी त्याचे वर्णन तुकड्यातुकड्यांचा असे केले. त्याआधीच टोल्ट यांनी तो सलग असल्याचे दाखवले होते, तरी पाठ्यपुस्तके शतकभर ट्रीव्ह्ज यांच्यामागे गेली. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांना वेगळेच दिसत होते. आयर्लंडमधल्या कॉफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे तो सलग असल्याचे पुन्हा सिद्ध केले, आणि ग्रे यांच्या ग्रंथातले वर्णन बदलले गेले. चूक कुठे होती आणि कोणी सुधारली, याचा माग ग्रंथात लागतो. कोणी तपासले हे न सांगता मोबाइलच्या पडद्यावर फिरणाऱ्या रंगीत शरीरात तो कसा लागणार?

शिवाय ते शरीर बहुधा एकाच साच्याचे असते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मी नवीन काही सांगत नाही. उजव्या बाजूची आवाजाची नस क्वचित छातीकडे न जाता थेट मानेतच स्वरयंत्राकडे वळते; खांद्याकडे जाणारी उजवी धमनी नेहमीच्या जागी निघाली नसेल तर असे होते. हे ज्याच्या वाचनात आलेले नाही, तो ती नस सहज कापून बसेल आणि रुग्णाचा आवाज जाईल. पित्ताशयाच्या धमनीच्या तऱ्हा तर विचारूच नका. अशा प्रत्येक तऱ्हेमागे कुणीतरी टेबलापाशी थांबून केलेली नोंद असते.

या नोंदी कुणाच्या देहांवर झाल्या, हेही आज बोललेच पाहिजे. लंडनमध्ये ते देह बेवारस गरिबांचे होते. व्हिएन्नाच्या पेर्नकॉफ यांचा अॅटलास चित्रांच्या दृष्टीने अप्रतिम आहे, पण पेर्नकॉफ नाझी होते. त्यांच्या संस्थेत देहदंड दिलेल्यांचे किमान १३७७ देह आणले गेल्याचे विद्यापीठाच्याच चौकशीत १९९८ मध्ये पुढे आले. तो अॅटलास एखाद्या सर्जनने वापरायचा असेल तर हे रुग्णाला आणि विद्यार्थ्यांना सांगूनच वापरावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे आज माणसे जिवंतपणी देहदानाचा अर्ज भरतात आणि घरचे लोक दुःखातही तो शब्द पाळतात. त्या देहातून मिळालेले ज्ञान विद्यार्थ्याच्या जर्नलात पडून राहणे मला पटत नाही.

म्हणून एक ठराव मांडतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक डिसेक्शन हॉलमध्ये एक नोंदवही ठेवावी. एखादी धमनी, नस किंवा स्नायू पुस्तकापेक्षा वेगळा दिसला की विद्यार्थ्याने तिथेच रेखाटन करावे, मापे लिहावीत, शिक्षकाने तपासून सही करावी. दात्याची ओळख मात्र कुठेही येऊ नये. वर्षाअखेरीस सगळ्या वह्या एकत्र करून त्यांचे संपादन व्हावे आणि ते सर्जन-रेडिऑलॉजिस्टांच्या हाती जावे. पहिल्या वर्षाच्या संपादनाची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. दुपारच्या सत्रात नमुन्याचे पान वाटले जाईल. त्यावर तुमच्या सूचना आजच लिहून द्याव्यात.