मिळून अभ्यास, वाटून पुस्तके

(सोनिवली येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणावर बोलायला बोलावले की वक्त्याने प्रथम शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ते तुम्हाला ठाऊक नसते तर सुट्टीच्या दिवशी घरची कामे टाकून तुम्ही इथे आला नसता. म्हणून तो भाग मी सोडून देतो आणि एका कबुलीने सुरुवात करतो.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा माझ्याजवळ भूमितीची एक वही होती. आमच्या गुरुजींनी सोडवून दिलेली सारी प्रमेये तीत सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. माझा चुलतभाऊ माझ्याच वर्गात होता. घर एक, चूल एक, शाळेची वाटही एक. परीक्षेला महिना राहिला असताना त्याने ती वही मागितली. मी म्हणालो, "हरवली." वही गादीखाली होती. तो गणितात नापास झाला. पुन्हा बसण्याइतका धीर त्याला उरला नाही आणि घरच्यांनी त्याला कामाला लावले. मी पुढे गणिताचा शिक्षक झालो.

वही दिली असती तर तो उत्तीर्ण झालाच असता, असे मी म्हणत नाही. परंतु त्या गोष्टीचा दुसरा भाग तुम्ही ऐकावा म्हणून ती सांगतो. त्याच वहीतले एक प्रमेय परीक्षेत आले आणि मी अर्ध्यावर अडकलो. मी ते पाठ केले होते. कोणाला समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर आली नव्हती, त्यामुळे एक पायरी विसरली आणि पुढचे सारे कोसळले. भावाला शेजारी बसवून त्याला एकदा ते शिकवले असते तर ती पायरी मला जन्मभर आठवली असती. वही लपवून मी त्याचे नुकसान केले तेवढेच माझेही केले. हे कळायला मला शिक्षकी पेशातली दहा वर्षे लागली.

आज वही लपवण्यात काही अर्थ राहिलेला नाही. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, ज्याला आपण बालभारती म्हणतो त्याची, स्थापना १९६७ साली झाली. हे मंडळ मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, सिंधी व तेलुगू अशा आठ भाषांतून पुस्तके काढते. (सिंधीचे नाव घेतले की आपल्या उल्हासनगरची आठवण होतेच. फाळणीनंतर आलेल्या त्या लोकांनी सगळे गमावले, पण शाळा काढायला उशीर केला नाही.) ही पुस्तके आता मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. एके काळी तो पाहायला मोठे ग्रंथालय गाठावे लागे. आज तो मोबाईलवर उघडतो. केंद्र सरकारचे 'दीक्षा' नावाचे व्यासपीठ २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकात छापलेला तो काळा-पांढरा चौकोन मोबाईलला दाखवला की त्यावरचे पाठ समोर येतात. मुंबईच्या आय.आय.टी.ने संगणक शिकवणारे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतही केले आहेत.

ज्यांची घरे बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात आहेत त्यांना ह्याचे मोल निराळे सांगायला नको. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी घरांत शिरले. पाणी ओसरल्यावर भांडी घासून घेता येतात, गाद्या उन्हात टाकता येतात. भिजलेल्या पुस्तकाचे मात्र काही होत नाही. पाने एकमेकांना चिकटतात आणि चार दिवसांत वास मारू लागतात. शाळा सुरू होऊन दीड महिना झालेला असतो आणि मूल रिकाम्या हाताने वर्गात बसते. अशा वेळी पुस्तक एखाद्या ठिकाणी सुरक्षित असून हवे तेव्हा पुन्हा घेता येते, ही काही लहान सोय नव्हे.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. फुकट मिळणारे सगळेच खुले नसते. बालभारतीचे पुस्तक आपण उतरवून वाचू शकतो, परंतु त्याचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. त्यात फेरफार करून आपण दुसरे पुस्तक काढू शकत नाही. एखाद्या खाजगी क्लासच्या छापील नोट्स कोणी मोबाईलवरून गावभर पाठवल्या, तर त्या फुकट मिळाल्या खऱ्या, पण ती दुसऱ्याची वस्तू न विचारता उचललेली आहे. हलाल कमाईविषयी आपण जेवढे काटेकोर असतो तेवढे ह्याही बाबतीत असावे, असे मला वाटते.

खुले साहित्य म्हणजे ज्याच्या कर्त्याने आधीच लिहून दिलेले असते की घ्या, जवळ ठेवा, वाटा, भाषांतर करा, आपल्या गरजेप्रमाणे बदला. फक्त माझे नाव राहू द्या. अशी परवानगी सोप्या शब्दांत देता यावी म्हणून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने २००२ साली निघाले. अशा साहित्याला 'खुली शैक्षणिक साधने' म्हणण्याचा प्रघातही त्याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीतून पडला. पुस्तकाच्या कोपऱ्यात किंवा पानाच्या तळाशी हा परवाना लिहिलेला असतो. तो वाचायची सवय मुलांना लावावी.

ह्याचे माझे आवडते उदाहरण 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्स ह्या संस्थेने २०१५ साली हे सुरू केले. त्यावरच्या चित्रमय गोष्टी मराठीतही आहेत, उर्दूतही आहेत, आणि नसलेल्या भाषेत त्या आणण्याची कोणालाही मुभा आहे. आता आपल्या घरांकडे पाहा. एक भाऊ उर्दू शाळेत, बहीण मराठी शाळेत, धाकट्याला इंग्रजीत घातलेले. ह्याला आपण आजवर अडचण म्हणत आलो. पण नववीतली मुलगी उर्दूतली गोष्ट मराठीत उतरवू शकते आणि तिचे नाव भाषांतरकार म्हणून त्या गोष्टीवर लागते. किती मुलांना ही दौलत जन्मतः मिळालेली असते? मराठी विकिपीडियाचेही तसेच. २००३ पासून तो लोकांनीच लिहिला आहे. आपल्या गावावर त्यात काय आहे ते उघडून पाहा. जे राहिले असेल ते पुण्या-मुंबईचा माणूस येऊन भरणार नाही. मात्र ऐकीव गोष्ट तिथे चालत नाही, छापील आधार द्यावा लागतो. आणि मुलांना आधार शोधायला लावणे हाच अर्धा अभ्यास आहे.

आपल्या राज्यातल्या एका शिक्षकाचे नाव इथे घेतलेच पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. पुस्तक मुलांच्या घरच्या भाषेत नव्हते, तेव्हा त्यांनी ती भाषा शिकून पाठ त्यांच्यासाठी नव्याने तयार केले आणि पुस्तकाला ते मोबाईलवर उघडणारे चौकोन जोडले. पुढे राज्याच्या सर्व पाठ्यपुस्तकांत ही पद्धत आली. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. मी वही गादीखाली ठेवणारा माणूस. मी ती बातमी दोनदा वाचली.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. एवढे सगळे हाताशी असून मुलांचा अभ्यास का होत नाही? कारण मूल भिंतीकडे तोंड करून, कानात बोंडे घालून, एकटे बसते. पडद्यावरचा मास्तर बोलतो, मुलाला वाटते समजले. समजले की नाही हे विचारायला शेजारी कोणी नाही.

आपल्या मदरशांत एक जुनी रीत आहे. उस्तादांचा सबक संपला की विद्यार्थी चार-चार, सहा-सहांचे घोळके करून बसतात. एक जण तोच सबक उस्तादांसारखा पुन्हा सांगतो, बाकीचे ऐकतात, अडवतात, विचारतात. ह्याला 'तकरार' म्हणतात. मूळ अरबीत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. मराठीत येईपर्यंत त्याची 'तक्रार' झाली, हा भाषेचा विनोद. पण पाठ समजला नाही अशी तक्रार त्या घोळक्यात बेधडक करता येते, एवढे खरे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने १९९१ साली जवळपास हीच गोष्ट वर्गात आणली. तो एक प्रश्न विचारतो. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे. मग ज्याचे उत्तर वेगळे आहे अशा शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे आणि नंतर पुन्हा उत्तर द्यायचे. त्याचे निरीक्षण असे की नुकतेच समजलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असते. प्राध्यापक ते केव्हाच विसरून गेलेला असतो.

हे मी वर्गात करून पाहिले आहे. ०.५ ला ०.५ ने गुणले तर उत्तर ०.५ पेक्षा मोठे की लहान? निम्म्याहून अधिक मुले 'मोठे' म्हणाली. गुणले की वाढते, असे लहानपणापासून मनात बसलेले. मी फळ्यावर दशांश चिन्हाचा नियम सांगितला. माना हलल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र शेजारणीला हळूच म्हणाली, "अगं, अर्ध्या भाकरीची अर्धी." प्रश्न सुटला. माझ्या नियमाने जे झाले नाही ते भाकरीने झाले.

दुसरा खेळ अरविंद गुप्ता यांचा. हे आय.आय.टी.चे अभियंता. १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे घेऊन आकृत्या जोडण्याचा खेळ बसवला. पुढे पुण्यात त्यांनी अशी शेकडो खेळणी केली आणि त्यांची पुस्तके व चित्रफिती सगळ्यांसाठी मोफत ठेवल्या. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर बोटाने दाबा. तो तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा. काडी मोडेल पण आकार हलणार नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. पुस्तकात हीच 'बाबाबा' कसोटी. माझ्या त्या वहीत ती लाल शाईने चौकट करून लिहिलेली होती, आणि विजेच्या उंच मनोऱ्यात सगळीकडे त्रिकोणच का, हे मला शिक्षक होईपर्यंत कोणी विचारले नव्हते. चार मुले मिळून काड्या जोडू लागली की हा प्रश्न त्यांच्यातलेच कोणीतरी विचारते.

पालक मला विचारतात, "माझा मुलगा हुशार आहे, त्याने दुसऱ्यांना शिकवण्यात वेळ का घालवावा?" त्यांना मी माझ्या अडकलेल्या प्रमेयाची हकिकत सांगतो. दुसरी शंका अधिक रास्त आहे. चार मुले मिळून चुकीच्या उत्तरावर एकमत करू शकतात. मी ते पाहिले आहे आणि ते फार ठाम असते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी शिकलेला कोणी मोठा माणूस त्यांच्यात बसला पाहिजे. कॉलेजात जाणारा भाऊ किंवा आपा चालेल. त्यांनी शिकवू नये. फक्त अडलेल्या जागा पाहाव्यात.

आणखी एक बोलतो, रागावू नये. घरातला चांगला मोबाईल कोणाच्या हातात असतो? बहुधा मुलाच्या. मुलीला तो रात्री भांडी झाल्यावर मिळतो, तोही चार्जिंग संपत आलेला. मुलाला मित्राच्या घरी अभ्यासाला जाऊ देतो; मुलीला तिने मागितले तर दहा प्रश्न. मग दहावीच्या निकालात मुली पुढे आल्या की आपणच टाळ्या वाजवतो! मुलींच्या घोळक्याला बसायला जागा हवी, आणि ती एखाद्या घराच्या पडवीत, आईच्या नजरेसमोर असली तरी चालेल. एका मोबाईलवर पाठ एकदाच उतरवून घ्यावा आणि पाचजणींनी मधोमध ठेवून पाहावा. दर पाच मिनिटांनी तो थांबवून एकीने सांगावे की आत्ता काय झाले. तिला सांगता आले नाही तर मागे जावे. खर्च एकाच्या डेटाचा.

जुनी पुस्तकेही अशीच फिरवावीत. निकाल लागला की वाण्याच्या दुकानात रद्दीच्या भावाने गठ्ठा जातो आणि आठवड्याने शेजारच्या घरात तीच पुस्तके नवी विकत येतात. वर्ष संपल्यावर पुस्तक खालच्या इयत्तेतल्या मुलाला द्यावे आणि देताना आपण कुठे अडलो होतो ते समासात पेन्सिलीने लिहून द्यावे. अशी खूण असलेले पुस्तक कोऱ्या पुस्तकापेक्षा मोलाचे.

आठवी ते दहावीच्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच की येत्या रविवारी सकाळी दहाला आपण बसणार आहोत. येताना भूमितीचे पुस्तक आणा, उर्दू असो की मराठी. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची नळी वीतभर आणा आणि आगपेटी एक. काड्यांची गुले मात्र घरीच खरवडून या, नाहीतर पहिल्याच दिवशी आपल्याला ही जागा खाली करावी लागेल.