काँक्रीटच्या पोटातली खडी

काँक्रीटला तडा गेला,
की आपण सिमेंटला बोल लावतो.
कधी कधी दोष खडीचा असतो.

कॅलिफोर्नियातल्या महामार्ग विभागाचे अभियंते थॉमस स्टँटन
यांनी १९४० साली हे दाखवून दिलं.

काही खडीत विशिष्ट प्रकारची सिलिका असते.
सिमेंटमधल्या अल्कलीशी तिची रासायनिक क्रिया होते.
चिकट जेल तयार होतं.
ते पाणी पितं… फुगतं…
आणि काँक्रीट आतून फाटतं.
तेही सावकाश, वर्षानुवर्षं!

ओल नसेल, तर जेल फुगत नाही.
मिश्रणात योग्य फ्लाय अॅश,
म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली राख,
घातली तर क्रिया आवरते.
पण झालेली क्रिया उलटवता येत नाही.

म्हणून खडी आधी तपासायची.
प्रयोगशाळेत ती भरडतात,
सिमेंटमध्ये कालवून छोट्या कांड्या ओततात,
आणि त्या किती लांबतात, ते मोजतात.