दुभाष्याचा वेग

घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या चलथाणकरांना दुभाष्या कोण, हे सांगायला नको. संगणकातही एक दुभाष्या असतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी जगापुढे आणलेली पायथन ही भाषा अशा दुभाष्याच्या तोंडून यंत्राला कळते. गंमत अशी, की हा दुभाष्या स्वतः सी भाषेत लिहिलेला आहे, आणि त्याचे यंत्रभाषेत अखंड भाषांतर करणारा गृहस्थ निराळाच: कंपायलर. भाषांतरकार बदलला की पुस्तक बदलते, हे तुम्हा वाचकांना ठाऊकच आहे. इथे वेगही बदलतो.

२०२५च्या फेब्रुवारीत केन जिन यांनी पायथनच्या दुभाष्याची नवी मांडणी आणली. क्लँग या कंपायलरच्या १९व्या आवृत्तीवर ती नऊ ते पंधरा टक्के वेगवान भरली. पायथनच्या जगात एवढी झेप क्वचितच दिसते. महिन्याभरात नेल्सन एल्हेज यांनी तीच तुलना १८व्या आवृत्तीशी आणि जीसीसी या दुसऱ्या कंपायलरशी करून पाहिली. लाभ उरला एक ते पाच टक्के.

असे का झाले? एक आज्ञा संपली की दुभाष्या पुढच्या आज्ञेकडे उडी घेतो. जुन्या मांडणीत प्रत्येक आज्ञेची उडी वेगळी असे, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज प्रोसेसरला बांधता येई. भाषांतराला बेसुमार वेळ आणि मेमरी लागू नये म्हणून १९व्या आवृत्तीने अशा प्रती काढण्यावर मर्यादा घातली. हेतू रास्तच होता. पण सगळ्या उड्या एकाच चौकात येऊन कोंडल्या. जुनी मांडणी मंदावली, नवी त्या वाटेने जातच नव्हती.

आपल्या साखर कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी हे चटकन ओळखेल. जुने बेणे किडीच्या वर्षी मोजले आणि नव्याचे कौतुक केले, तर एकरी टनांचा आकडा खरा असतो, तुलना खोटी. म्हणून कुणी तुम्हाला ‘पंधरा टक्के’ म्हणाले, की विचारा: कशापेक्षा?

जिन यांनी जाहीर क्षमा मागितली, पायथनच्या कागदपत्रांतला आकडा खाली आणला गेला. माझ्या मते नव्या मांडणीचे मोल यामुळे घटत नाही. कंपायलरच्या लहरीवर ती कमी अवलंबून आहे, आणि ते काही टक्क्यांत मोजता येत नाही.