नवा बेस घेतला, तारा लगेच बदलायच्या का?

आजचा विषय तसा छोटा आहे, पण याच्यापायी मी माझा बेस जवळजवळ विकला होता. प्रश्न असा, की नवा बेस गिटार घेतला तर कंपनीच्या तारा लगेच बदलायच्या का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक वेळा नाही. आधी सेटअप करून घ्या, तारांचं नंतर बघू.

तर झालं असं. बेस घेऊन महिना झाला होता. आवाज काही आवडत नव्हता, बोटं दुखत होती. एका व्हिडिओत ऐकलं की कंपनीच्या तारा टाकाऊच असतात, जाड तारा लावा. लगेच मागवल्या. बेसवर साधारण ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा सेट असतो, मी ०.०५० ते ०.११० चा लावला.

आता, जाड तार त्याच सुराला आणायची तर ती जास्त ताणावी लागते. त्या ताणाने नेक पुढे वाकली आणि तारा फ्रेटपासून आणखी वर गेल्या. शिवाय 'ई'ची जाड तार नटच्या खाचेत नीट बसेना. पहिल्या फ्रेटवर दाबायला जड, आणि दाबली की सूर चढा! मला वाटलं, आपली बोटंच कमजोर आहेत. तीन आठवडे बेसला हात लावला नाही. शेवटी विकायची जाहिरात टाकली.

बेस बघायला एक काका आले. गिटार दुरुस्तीचं काम करणारे. दोन मिनिटं वाजवून म्हणाले, "अरे, हा विकतोस कशाला? जुन्या तारा आहेत का?" नशिबाने मी त्या गुंडाळून ठेवल्या होत्या. काकांनी त्याच परत चढवल्या, ट्रस रॉड पाव फेरा फिरवला, ब्रिजवरचे सॅडल खाली घेतले. बस. तोच बेस, त्याच तारा, आणि बोटं दुखायची थांबली. काकांनी बेस काही घेतला नाही.

कोडमधला बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना? रोज ऑफिसात हेच करणारा मी, घरी येऊन नेमकं उलटं केलं. बिघाड कुठे आहे हे न बघताच पार्ट बदलला.

आता, तारा खरंच खराब असूही शकतात. बेस दुकानात कित्येक महिने टांगलेला असतो, येणारा-जाणारा वाजवून बघतो, आणि मुंबई-कोकणातली दमट हवा तारांना सोडत नाही. म्हणून दोन गोष्टी तपासा. एक, तारेच्या खालून बोट फिरवा. खरखरीत लागलं, बोटाला गंज आला, तर तार गेली. दोन, ट्यूनर लावा. मोकळी तार सुरात आणा, मग बाराव्या फ्रेटवर दाबा. तोच सूर बरोब्बर एक सप्तक वर यायला हवा. येत नसेल तर सॅडल मागेपुढे करून बघा. तरीही जमत नसेल, तर तार बदला.

बदलताना जाडी तीच ठेवा. एकेक तार काढा, एकेक लावा. आणि जास्तीची तार कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात वाकवा, नाहीतर वेढा सुटू शकतो.

राहिला आवाजाचा प्रश्न. नव्या राउंडवाउंड तारा चकचकीत वाजतात, त्यात नवख्या हाताची प्रत्येक खरखर ऐकू येते. दुसरीकडे मोटाउनचे जेम्स जेमरसन बघा. फ्लॅटवाउंड तारा लावायचे, आणि तुटल्याशिवाय बदलत नसत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. साठच्या दशकातली कितीतरी गाणी त्या जुन्या तारांवर उभी आहेत. म्हणजे जुनी तार वाईटच, असं काही नाही.

तेव्हा तारांसाठी बाजूला काढलेले पैसे आधी सेटअपला द्या. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसा. आणि काढलेल्या तारा लगेच फेकू नका. माझा बेस त्यांच्यामुळेच घरात राहिला.

भेटू पुढच्या भागात. वाजवत राहा!