भ्याड कोणास म्हणावें?



ज्या संग्रामपुराच्या नांवांतच संग्राम आहे, तेथील माणसांस भित्रेपणावर चार शब्द ऐकविणें हें थोडें धाडसाचेंच आहे. तरी ऐकून घ्यावें.

येथून पूर्वेस, शेजारच्या तेल्हारा तालुक्यांत, अडगांव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं तेथील मैदानांत नागपूरकर भोसले व शिंदे यांचें सैन्य जनरल वेलस्लीच्या फौजेसमोर उभें राहिलें. तोफा सुरू होतांच वेलस्लीच्या तीन पलटणी मोडल्या व मागें पळत सुटल्या. हे शिपाई कोण? दोनच महिन्यांपूर्वीं, २३ सप्टेंबरला, असईच्या लढाईंत याहून भयंकर माऱ्यापुढें जे उत्तम लढले, तेच हे! आपण जवळ नसतों तर तो दिवस हातचा गेला असता, असें वेलस्लीनें स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्यानें त्यांस आवरलें, पुन्हां रांगा लाविल्या. आणि त्या पलटणी परत येऊन लढल्या. ते कंपनीचे शिपाई, आपलें मन कदाचित् समोरच्या बाजूस असेल. परंतु माणसाचें काळीज दोन्हींकडे सारखेंच.

आतां त्यांस काय म्हणावें? असईस पाहणारा शूर म्हणेल, अडगांवास पाहणारा भ्याड म्हणेल. आणि दोघेही डोळ्यांनीं पाहिलेलेंच सांगतील. भय हें तापासारखें आहे, विचारून येत नाहीं. ज्यास भय वाटलें तो भ्याड, असें धरलें तर आपणांपैकीं कोण सुटेल? माझ्या मतें भ्याडपणा त्यापुढें सुरू होतो. परतण्याची वाट खुली असतां माणूस परतत नाहीं, किंवा आपल्या भयाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारतो, तेथें.

लोक मात्र इतका वेळ थांबत नाहींत. गांवांत आग लागली, पूर आला, पटकी आली, आणि कोणी एक क्षण मागें सरला, कीं तें नांव त्याच्या नातवापर्यंत चिकटतें. नांव ठेवणारा त्या वेळीं कोठें होता, हें कोणी विचारीत नाहीं. बहुधा ओट्यावर!

महायाजकाच्या अंगणांत, शेकोटीजवळ, एका दासीच्या बोलण्यानें पेत्र गडबडला व त्यानें प्रभूस तीन वेळां नाकारलें. चारही शुभवर्तमानांत हें लिहिलें आहे. कोणीं तें झांकलें नाहीं, आणि पेत्राचें प्रेषितपणही काढून घेतलें नाहीं. पुढें सरोवराच्या कांठीं प्रभूनें त्यास गांठलें, तेंही विस्तवापाशींच. 'तूं कां नाकारलेंस' असें विचारलें नाहीं. प्रश्न केला तो प्रीतीचा, आणि तोही तीन वेळां.