मूळ आणि नक्कल

ता. २५ डिसेंबर २०१५ रोजीं, ऐन नाताळांत, संगणकावरील खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या अमेरिकन वेबसाइटवर एक विलक्षण प्रकार घडला. आपलें खातें उघडूं पाहणाऱ्या कित्येक ग्राहकांना पडद्यावर भलत्याच कोणाचें तरी खातें दिसूं लागलें. पत्ता, ई-मेल, खरेदीची यादी, क्रेडिट कार्डाचे शेवटचे दोन आंकडे, असा तपशील परक्यांच्या दृष्टीस पडला. हा घोळ सुमारें दीड तास चालला, आणि त्यांत सुमारें ३४,००० ग्राहकांचीं पानें सांपडलीं असावींत, असें मालक कंपनी व्हॅल्व्ह हिनेंच पुढें जाहीर केलें. कोणी कुलूप फोडलें नव्हतें. त्या दिवशीं स्टीमवर बनावट मागण्यांचा भडिमार चालला होता. तो सोसतां यावा म्हणून तयार पानांच्या नकला ठेवण्याची जी योजना केली, तिनें सर्वांचें पान आणि एकट्याचें पान यांतला भेद पाळला नाहीं, इतकेंच.

नक्कल हाताशीं ठेवण्याच्या या युक्तीस ‘कॅश’ म्हणतात. रोख रकमेशीं तिचा संबंध नाहीं. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला आहे. वेबसाइटचें कोणतेंहि पान उघडतांना वापरकर्त्याचें नांव, छायाचित्र, पसंतीची भाषा हीं लागतातच. दर वेळीं मुख्य डेटाबेसकडे धांव घेतली तर तो थकून जातो. म्हणून एकदां वाचलेली माहिती जलद स्मृतींत ठेवितात. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनीं २००३ सालीं ‘लाइव्हजर्नल’करितां ‘मेमकॅश्ड’ हा प्रोग्रॅम रचला तो ह्याच हेतूनें.

नक्कल करणें सोपें. ती शिळी केव्हां झाली हें ओळखणें कठीण. जुनें छायाचित्र दहा मिनिटें अधिक दिसलें तर कोणाचें बिघडत नाहीं. परंतु कामावरून दूर केलेल्या व्यवस्थापकाचे अधिकार नकलेंत तसेच राहिले, तर तीं दहा मिनिटें महाग पडतात. अधिकारांची नक्कल शक्य तों ठेवूंच नये. ठेवलीच तर तिची मुदत अगदीं अल्प असावी.

खरी कसोटी कोडच्या मांडणींत आहे. घाईनें लिहिलेल्या प्रोग्रॅममध्यें ‘नक्कल आहे काय? नसल्यास मूळ वाच’ ह्या ओळी वीस ठिकाणीं विखुरलेल्या आढळतात, आणि एकविसाव्या ठिकाणीं, जेथें पत्ता बदलतो तेथेंच, नक्कल पुसावयाचें राहून जातें. याला उपाय म्हणजे वापरकर्त्याच्या माहितीचें वाचन व लेखन एकाच दारानें व्हावें. दारामागें नक्कल आहे कीं मूळ, हें उरलेल्या कोडला कळण्याचें कारण नाहीं. लिहितांना आधीं मूळ बदलावें, मग नक्कल पुसून टाकावी. ती दुरुस्त करीत बसूं नये. कारण दोन दुरुस्त्या एकाच वेळीं निघाल्या तर त्यांचा क्रम नकलेंत उलटा लागूं शकतो.

एवढें करूनहि एक चोरवाट उरते. एका विनंतीनें मूळ नोंद वाचली. ती नोंद नकलेंत जाण्यापूर्वींच दुसरीनें मूळ बदललें व नक्कल पुसली. मागाहून पहिली आपली जुनी नोंद आणून ठेवते, आणि शिळें तें ताजें म्हणून मिरवूं लागतें. फेसबुकच्या अभियंत्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत यावर तोड सांगितली आहे. नक्कल नसल्यास कॅश वाचणाऱ्यास एक बिल्ला देते. मध्यंतरीं पुसण्याची आज्ञा झाली कीं तो रद्द होतो व जुनी नोंद स्वीकारली जात नाहीं. लहान वेबसाइटला मात्र एवढा खटाटोप सहसा लागत नाहीं. आंखूड मुदत पुरते.

ता. २० मार्च २०२३ रोजीं ‘चॅटजीपीटी’च्या कांहीं वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांचे मथळे दिसले. तेथें दोष होता ‘रेडिस’ या कॅशशीं बोलणाऱ्या एका तयार ग्रंथालयांत. एकाच्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या हातीं पडत होतें. त्यानंतर ओपनएआय कंपनीनें जो जादा पहारा बसविला तो साधाच आहे: कॅशमधून आलेली माहिती मागणाऱ्याचीच आहे ना, हें दाखविण्यापूर्वीं पडताळून पाहावयाचें. अशी तपासणी त्या एका दारापाशीं दोन ओळींत बसते.