महाप्रजापती गौतमी आणि कार्ल्याचा दगड
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



महाप्रजापती गौतमी म्हणजे सिद्धार्थाला वाढवणारी मावशी, एवढंच आपण पोरांना सांगतो. एवढ्यावर थांबलो तर त्या माउलीवर अन्याय होतो. भिक्खुणी संघ उभा राहिला तो तिच्या निर्धारामुळे.

शुद्धोदन राजाच्या निधनानंतर तिने कपिलवस्तूला तथागतांकडे प्रव्रज्या मागितली. तीनदा मागितली, तीनदा नकार आला. ती रडली, पण रडत बसली नाही. केस कापले, काषाय वस्त्रं नेसली, शाक्य स्त्रियांना बरोबर घेतलं आणि पायी वैशाली गाठली. पाय सुजलेले, अंगभर धूळ, अशी दाराबाहेर उभी राहिली. आपल्या भाषेत हा लाँग मार्चच! आनंदाने विचारलं, स्त्रीला अर्हतपद मिळू शकतं का? भगवंत म्हणाले, मिळू शकतं. तिथं वाट मोकळी झाली. आठ अटी घातल्या गेल्या असं ग्रंथ सांगतात, ते लपवायचं कारण नाही. पण स्त्रियांच्या अधःपतनाला बुद्ध जबाबदार, असा आरोप झाला तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात लेख लिहून तो खोडून काढला.

आता आपल्या गावाकडे या. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यात वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, तसा दरवाजा घडवणारा धेनुकाकटचा सुतार सामीही आहे. मी कामगार माणूस, मला त्याचा अभिमान वाटतो. आणि त्यातच एक नाव आहे भिक्खुणी कोडीचं, घुणिकाच्या आईचं. तिने वेदिका दान दिली. म्हणजे गौतमीने वैशालीला उघडलेलं दार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरापर्यंत पोचलं होतं. पुढे आपल्या देशात ही परंपरा खंडित झाली. १९९८ साली बुद्धगयेत अनेक देशांच्या स्त्रियांना पुन्हा भिक्खुणी उपसंपदा मिळाली.

मग आपल्या विहारात काय चाललंय? झाडलोट बायांची, खीर बायांची, वर्गणीला दारोदार फिरणं बायांचं. आणि कमिटीच्या बैठकीत सतरंजीवर सगळे पुरुष! दगडावर बाईचं नाव कोरणारे आपले पूर्वज, आणि आपण साध्या वहीत तिचं नाव लिहीत नाही?

माझी मागणी सरळ आहे. नव्या कमिटीत निम्म्या जागा भगिनींना द्या, हिशोबाची वही त्यांच्या हाती द्या, वर्षावासात ग्रंथवाचनाला त्यांना बसवा. भगिनींनो, नाही म्हणाले तर पुन्हा मागा. गौतमीनेही एकदाच मागितलं नव्हतं.

नमो बुद्धाय! जय भीम!